हसू नका, त्या माणसाला घरात जागा द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सगळ्यांच्या तक्रारी छापून येतात, रस्त्याच्या, पाण्याच्या, लाउडस्पीकरच्या. पण ज्या माणसाला स्वतःच्या घरात सोफ्यावर टेकायला कुत्र्याची परवानगी लागते त्याच्याबद्दल आजवर एक ओळ वाचलेली नाही, म्हणून मीच लिहायला बसलेय. मी बाई आहे हे आधीच सांगते, कारण हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं तर लोक हसून पान उलटतील आणि माझं म्हणणं तेच आहे की हसायचं बंद करा.

आमच्याकडे बोका आहे. तो मला छळत नाही, मुलांच्या वाटेला जात नाही, त्याला फक्त माझा नवरा दिसतो. पहाटे अजून अंधार असतो तेव्हा हा येऊन त्याच्या छातीवर बसणार, गालावर पंजा ठेवणार, तरी उठला नाही तर टेबलावरचा चष्मा हळूहळू कडेला सरकवत नेणार आणि त्याच्याकडे बघत बघत खाली पाडणार. मग बिचारा उठतो, वाटी भरतो, आणि सकाळी आम्ही सगळे त्यालाच ऐकवतो की तूच लाडावून ठेवलायस. बाकीचे झोपू शकतात ते तो उठतो म्हणून, हे कुणी बोलून दाखवत नाही.

आणि समोरचा पक्ष किती तयारीचा आहे ते तर बघा. मांजर मुळात पहाटे आणि संध्याकाळी शिकार करणारा प्राणी, त्यामुळे ती वेळ त्याच्या रक्तातच आहे. वर २००९ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात कॅरन मॅककोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं दाखवलं की खायला मागताना काही मांजरांच्या गुरगुरीत एक बारीक उंच सूर मिसळलेला असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जाणारा, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही अशा लोकांनाही ती गुरगुर जास्त निकडीची वाटते. म्हणजे ह्या माणसाला अर्धवट झोपेत बाळ रडल्यासारखं काहीतरी ऐकू येतं आणि तो उठतो. ह्यात कमकुवतपणा कुठे आला? चांगल्या बापाने उठायचं नाही तर काय करायचं?

कुत्र्यांचं वेगळंच. माझा भाऊ चांगला धिप्पाड आहे, ऑफिसात त्याच्या आवाजाला लोक दबकून असतात, आणि घरी तो पलंगाच्या काठावर एका कुशीवर झोपतो कारण कुत्रा मधोमध आडवा पडलेला असतो. हलवायला गेलं की कुत्रा नुसता भुवया वर करून बघतो, झालं. २०१९ चं एक संशोधन आहे, कुत्र्यांमध्ये आतली भुवई वर उचलणारा एक स्नायू ठळक असतो आणि लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच, माणसाच्या सहवासात हजारो वर्षं राहून तो तयार झाला असावा असं ते म्हणतात. हजारो वर्षं ज्याची तयारी चाललीय त्याच्यापुढे माझा भाऊ एकटा, तोही दिवसभराच्या कामाने थकलेला.

पोपटवाल्या घरांबद्दल मला सगळ्यात वाईट वाटतं. माझ्या मैत्रिणीकडे काकाकुवा आहे. हे पक्षी जोडी करून राहणारे, घरातल्या एखाद्याला आपला जोडीदार मानलं की दुसरा कुणी जवळ आलेला त्यांना खपत नाही. तिथे जोडीदार मैत्रीण आहे आणि दुसरा कुणी म्हणजे तिचा नवरा, तो तिच्या शेजारी येऊन बसला की पक्षी किंचाळत येतो आणि कान पकडतो. ह्या गृहस्थांनी लग्नाच्या बायकोशी बोलायला स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, आणि पाहुण्यांनी ते मोबाईलवर शूट करून स्टेटसला टाकायचं! शूटिंग करताय त्यातला एक हात पक्ष्याला बाजूला घ्यायला वापरला असता तर?

मोठ्या माणसांचंही फार वेगळं नाही हो. लंडनला १० डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या घरी, लॅरी नावाचा बोका २०११ मध्ये आला, कॅमेरून गेले, मे गेल्या, जॉन्सन गेले, ट्रस गेल्या, सुनक गेले, बोका तिथेच राहिला. देश चालवणाऱ्यांचा मुक्काम हलतो पण बोक्याचा हलत नाही, मग साध्या संसारी माणसाकडून काय अपेक्षा करता.

आता लाड केल्यामुळे हे होतं ह्यात थोडं तथ्य आहे, पण ते पूर्ण समजून घ्या. चार दिवस दुर्लक्ष केलं आणि पाचव्या दिवशी नवरा कंटाळून उठला तर बोका एवढंच शिकतो की अजून चिकाटी धरली पाहिजे. त्यामुळे न उठण्याचं सगळ्या घराने मिळून ठरवावं लागतं. सुरुवातीचे काही दिवस ओरडा उलट वाढतो, तेव्हाच घरातले म्हणतात अरे दे ना त्याला काहीतरी, आणि सगळं मुसळ केरात. रात्री झोपायच्या आधी त्याला दमेपर्यंत खेळवा आणि मग खायला घाला, पहाटेसाठी टायमरचा डबा मिळतो तो लावा, म्हणजे खाणं नवऱ्याकडून येतं हे डोक्यातून जातं. कुत्र्याला स्वतःचं अंथरूण द्या आणि तिथे गेला की शाबासकी द्या. मारू मात्र नका, मारल्याने भीती बसते आणि भ्यालेला प्राणी जास्त चावतो. आणि स्वभाव अचानक बदलला असेल तर आधी डॉक्टरकडे न्या, म्हाताऱ्या मांजरांना थायरॉइड वाढलं की ती रात्रभर ओरडू शकतात, सांधे दुखणारा कुत्रा हलवलं की गुरगुरतो, त्याचा राग कुणावरच नसतो.

माझी विनंती एवढीच आहे की रविवारच्या पुरवणीत ह्या पुरुषांसाठी एक कोपरा ठेवा, त्यांची पत्रं छापा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडून उत्तरं घ्या. नावं मात्र छापू नका, घरचेच आधी हसतील.

आपली,
एक वाचक