बाबा, ते तपकिरी नव्हतंच

श्टुटगार्ट, २३ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

अक्षर एवढं मोठं का काढलंय ते कळलंच असेल. फोनवर सांगणार होते, पण फोनवर बाबा "बरं बरं, आईला देतो" म्हणून सटकतात. कागद हातात पडला की मात्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. चष्म्यानं भागत नसेल तर आई, तू मोठ्यानं वाच.

रोमहून परवा रात्री परतले. एकटीनं व्हॅटिकन बघायचं तर नुसतं गर्दीबरोबर वाहत जावं लागतं, असं ऑफिसातल्या सगळ्यांनी बजावलं होतं, म्हणून लहान गटाची गाईडवाली सहल घेतली. जाहिरातीत दहा जण होते, प्रत्यक्षात निघालो चौदा. तरी चाळीस जणांच्या छत्रीमागे धावणाऱ्या टोळ्या बघितल्यावर चौदांचं काही वाटलं नाही. आमची गाईड कलेचा इतिहास शिकलेली, पन्नाशीची, बारीक आवाजाची बाई. प्रत्येकाच्या कानात एक यंत्र अडकवलं होतं, त्यामुळे ती वीस पावलं पुढे असली तरी शेजारी उभी राहून कुजबुजते आहे असं वाटायचं.

गटात वसईचं एक जोडपं निघालं, साधारण तुमच्याच वयाचं. रांगेत मी आईशी फोनवर बोलत होते ना, ते ऐकून काकू मागून म्हणाल्या, "पोरी, गुडघा दुखत असेल तर आईला सांग, शेक घ्यायला." आई, तुझा गुडघा आता रोममध्येही प्रसिद्ध आहे. काकूंनी आयुष्यभर चर्चमध्ये मराठीतून मिस्सा ऐकलेली, घरी चित्राच्या कॅलेंडरवर पाहिलेली जागा आता डोळ्यांनी बघायला आलेल्या. आम्ही बाकीचे कला बघायला गेलो होतो, त्या देवाला भेटायला. तू विचारलंस ना, चपला काढायच्या का? नाही काढायच्या, पण खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. एका मुलीला दारातच दहा युरोची ओढणी विकत घ्यावी लागली.

आई, सिस्टिन चॅपेल म्हणजे मायकेलअँजेलोनं छत रंगवलेलं प्रार्थनागृह. तिथं गाईडला बोलायला परवानगी नाही. जे सांगायचं ते बाहेर सांगायचं, मग आत गप्प बसून बघायचं. म्हणून एका मोठ्या अंगणात, पाइनच्या फळाच्या आकाराची काशाची अवाढव्य मूर्ती आहे तिथं, छताची चित्रं छापलेले फलक लावून ठेवलेत. त्यांच्यापुढे प्रत्येक गाईड आपापल्या गटाला शिकवणी देते. बाबा, मला थेट तुमचा चित्रकलेचा तास आठवला. फरक एवढाच, की इथं मागच्या बाकावर कुणी डबा खात नव्हतं.

बरंचसं मला तुमच्यामुळे माहीत होतं. छत रंगवलं १५०८ ते १५१२ मध्ये, काम देणारा पोप दुसरा ज्युलियस, मायकेलअँजेलो स्वतःला शिल्पकार म्हणवायचा आणि हे काम त्याला नको होतं, वगैरे. तो पाठीवर झोपून रंगवत होता ही गोष्ट तुम्ही वर्गात खोडून काढायचात, तीच गाईडनंही खोडून काढली. तो उभा राहून, मान मागे टाकून रंगवायचा, आणि त्या हालांवर त्यानं एक कविताच लिहून ठेवली आहे. पण त्यानंतर ती जे बोलली ते तुमच्या शिकवण्याच्या अगदी उलट होतं, आणि त्यासाठीच हे पत्र.

तुमच्या वर्गात ती जुनी तसबीर होती, आदमच्या बोटाला देवाचं बोट लागता लागता राहिलंय ती. सगळी तपकिरी, राखाडी, धुराटलेली. तुम्ही ती दाखवून म्हणायचात, "हा माणूस दगडाचा. रेषा बघा, स्नायू बघा, रंगाचं त्याला सोयरसुतक नाही. रंग बघायचा तर व्हेनिसला जा." एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या किती बॅचेसना हे वाक्य पाठ असेल! आणि चूक तुमची एकट्याची नाही, मोठमोठे पंडित शेकडो वर्षं हेच लिहीत आले होते. कारण ते जे बघत होते ते मायकेलअँजेलोचं चित्र नव्हतंच. मेणबत्त्यांची काजळी, शेगड्यांचा धूर आणि त्यावर सरसाचा थर असं ते होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी, चित्र जरा उजळ दिसावं म्हणून, छताला सरस फासला. तेवढ्यापुरतं उजळलं, मग सरसच काळा पडत गेला.

१९८० साली जानलुइजी कोलालुच्ची यांच्या हाताखाली सफाई सुरू झाली. १९८९ अखेर छत झालं, १९९४ पर्यंत वेदीमागची भिंत. आई, कशानं धुतलं माहितीये? त्या मिश्रणाचं नाव एबी-५७, पण त्यात तुझा खाण्याचा सोडा आहे! त्याच्या जोडीला अमोनियाचा एक क्षार, बुरशी मारणारं औषध, आणि ओघळू नये म्हणून चिकट खळ. ते लावायचं, थोडा वेळ थांबायचं, मग शुद्ध पाण्याच्या स्पंजनं टिपून घ्यायचं. हे जमलं कारण तो रंग ओल्या चुन्यात दिलेला आहे. रोज जेवढं रंगवायचं तेवढाच गिलावा सकाळी लिंपायचा, आणि चुना वाळताना रंग त्याच्या पोटात कायमचा बसायचा. काल कुठे थांबला, आज कुठून सुरू केलं, ते सांधे जवळून अजून दिसतात म्हणे.

इथं मी मध्येच तोंड उघडलं. म्हटलं, आमच्याकडे अजिंठ्याला हे करता येत नाही, कारण तिथं माती, तूस आणि गवताच्या तंतूंच्या गिलाव्यावर रंग कोरडा चढवलेला आहे. तो वर बसलाय, आत नाही. आणि म्हटलं, आमच्या लेण्यांवर वार्निश फासणारे तुमचेच लोक होते. गाईडनं चालता चालता थांबून वळून बघितलं. मग मी तुमची सगळी गोष्ट सांगितली. १९२० ते १९२२, निजाम सरकारनं इटलीहून बोलावलेले लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी, सुटत चाललेले पोपडे धरून ठेवायला दिलेला लाखेचा लेप, आणि पुढे पिवळा पडत गेलेला तो लेप. तुम्ही हे सांगताना जेवढे चिडायचात तेवढं चिडणं मला जमलं नाही, कारण त्यांनी धरून ठेवलं नसतं तर कदाचित आज बघायलाच काही उरलं नसतं. तिला हे काहीच माहीत नव्हतं. तिनं वही काढून दोन्ही नावं लिहून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या दोघांच्याही भिंतींवर भलं करायला गेलेल्यांचा थर बसला."

पुढचं भराभर सांगते, कारण तसंच बघितलं. नकाशांचं दालन १२० मीटर लांब आहे. मी हौसेनं कोकण शोधायला लागले, तर चाळीसही नकाशे इटलीचेच. राफाएलची 'अथेन्सची शाळा' बघितली का, हे तुम्ही विचारणारच. बघितली, पाच मिनिटं, मागून लोंढा आला. पाय मोडले होते.

आणि मग एका अरुंद जिन्यातून एकदम आत.

बाबा, अजिंठ्याला पहिल्या लेण्यात शिरताना तुम्ही काय करायला लावायचात? डोळे मिटा, शंभरपर्यंत मोजा, मग उघडा. फर्दापूरहून बसनं वर येईपर्यंत दंगा करणारी अख्खी सहल तेवढ्यापुरती गप्प व्हायची, आणि डोळे उघडले की अंधारातून हळूहळू पद्मपाणी वर यायचा. आधी मुकुट, मग झुकलेली मान, शेवटी हातातलं कमळ. मी इथंही तेच केलं. भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळाली, डोळे मिटले. चारशे माणसं न बोलण्याचा प्रयत्न करत होती, त्याची एक घूं घूं, आणि दर दोन मिनिटांनी पहारेकऱ्याचं "सिलेन्त्सियो!" शंभर झाले, वर बघितलं.

वीस मीटरवर, म्हणजे पाच-सहा मजले उंचावर, केशरी होतं. पोपटी होतं. जांभळा, गुलाबी, लिंबासारखा पिवळा. आई, तुझी ती लग्नातली पैठणी आहे ना, जी इकडून हिरवी आणि तिकडून सोनेरी दिसते? प्रेषित दानिएलच्या वस्त्राच्या घडीत डिट्टो तेच आहे. सावलीत गडद रंग न वापरता तो रंगच बदलतो, उजेडात पिवळा, घडीत हिरवा. आपल्याकडे त्याला धूपछाव म्हणतात, आणि विणकर ते दोन रंगांचे ताणे-बाणे घालून करतो. ह्या दगडाच्या माणसानं ते ब्रशनं केलंय. मी बाकावर बसून मोठ्यानं "अगं बाई" म्हटलं आणि पहारेकऱ्याकडून बोलणी खाल्ली.

वसईच्या काकांकडे दुर्बीण होती, बंदरावर होड्या बघायची. गाईडनं बाहेर सांगितलं होतं, की सफाई करणाऱ्यांनी काही लहान तुकडे मुद्दाम न धुता ठेवलेत, आधी काय होतं ते कळावं म्हणून. एक तुकडा काकांना सापडला. पोतेऱ्यासारखा काळा चौकोन, आणि त्याला लागून लखलखीत रंग. तुमच्या वर्गातली तसबीर म्हणजे अख्खी तो चौकोन होती.

काकू तेवढ्या वेळ खाली बघत होत्या. जपमाळ संपवल्यावर त्यांनी मान वर केली आणि मला हळूच म्हणाल्या, "फार उंच ठेवलंय गं. पण छान आहे."

आता मुद्द्यावर येते. डॉक्टरांनी मोतीबिंदूचं सांगून दीड वर्ष झालं. तुमचं उत्तर ठरलेलं आहे, "मला नीट दिसतंय." गणपतीत तुम्ही आईच्या मोरपंखी साडीला "ही काळी कशाला नेसलीस सणाला?" म्हणालात, ते मला तिनं सांगितलंय. दिवाळीला नातवाला पाठवलेलं जलरंगातलं कडुनिंबाचं झाड मी इथं फ्रेम करून लावलंय, पण बाबा, त्याची पानं निळी आहेत. मोतीबिंदू झालेल्या चित्रकार मोनेची गोष्ट मी तुम्हाला सांगणार नाही, ती तुम्हीच मला सांगितली आहे.

तुम्ही म्हणाल, धुताना चित्राचं नुकसान झालं म्हणून ओरडणारेही होतेच की. होते. जेम्स बेक नावाच्या अभ्यासकानं रान उठवलं होतं, की वरून कोरड्यात दिलेला शेवटचा हातही हे लोक पुसून काढताहेत. गाईडनं ते लपवलं नाही, आणि मला विचाराल तर काही आकृत्या मलाही जरा सपाट वाटल्या. पण तुमच्या डोळ्यांत मायकेलअँजेलोचा शेवटचा हात नाही. तिथं फक्त धुरकटलेलं भिंग आहे, ते काढून दुसरं बसवतात, आणि माणूस बहुतेकदा त्याच दिवशी घरी येतो.

मी २० डिसेंबरला येते आहे, तीन आठवडे. एका डोळ्याचं त्यातच उरकू. दुसऱ्याचं डॉक्टर सांगतील तेव्हा. औषधाचे थेंब घालायला मी आहे, तुमच्या शिव्या खायलाही मीच. बरं झाल्यावर शक्य असेल तर जळगावहून सकाळची गाडी पकडून अजिंठ्याला जाऊ. आई खाली बसेल, दशम्या सांभाळत. शंभर तुम्ही मोजा.

तुमची,
माई

ता. क. आई, हे मुद्दाम बारीक अक्षरात लिहिते आहे, म्हणजे बाबांना वाचता यायचं नाही. मोठ्यानं वाचू नकोस. वेगळ्या टपालानं एक लांब नळी येईल, त्यात धुतल्यानंतरच्या आदमचं चित्र आहे. ऑपरेशन होईपर्यंत त्यांना दाखवू नकोस. कपाटावर त्यांचा हात पोचतो, तेव्हा दिवाणाखाली ठेव, आणि वर बाजरीचा डबा ठेवू नकोस, चेपेल.