प्रादेशिक विमा कंपन्यांना दार उघडा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तासगाव भागात बेदाण्याची शेड भरलेली असतात. जाळीच्या कप्प्यांवर थरावर थर द्राक्षं वाळत असतात. अशात अवकाळी पाऊस येऊन दोन दिवस हवा कोंदट राहिली की थेंब न लागताही माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. चार-आठ दिवसांनी लांबच्या शहरातून विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो आणि विचारतो, माल वाहून गेला का? वाहून कुठला जाणार, रंग गेलाय! इथल्या कुठल्याही व्यापाऱ्याला मूठभर बेदाणा हातात घेतला की नुकसान कळतं. या जोखमीला बेतलेली पॉलिसी आम्हाला मिळत नाही, कारण पॉलिसी ठरवणाऱ्यांनी शेड पाहिलेलं नसतं.

शेड पाहिलेल्या माणसांनी इथेच विमा कंपनी काढावी म्हटलं, तर विमा कायद्यानुसार त्यासाठी किमान १०० कोटींचं भांडवल लागतं. देशभर धंदा करणाऱ्याला आणि फक्त सांगली-सोलापूरपुरतं काम करू पाहणाऱ्याला अट एकच. २००२ च्या दुरुस्तीने सहकारी संस्थांना परवानगी मिळाली, तीही याच अटीवर. २०२५ च्या अर्थसंकल्पात परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्के करण्याची घोषणा आपण केलीत. त्याला माझा विरोध नाही. पण ते भांडवल तासगावच्या शेडपर्यंत येईल, असं मला वाटत नाही.

अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली. १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात अशा २४५ संस्था एकत्र आल्या. काही संस्थांचा कारभार वाईट होता, हे खरं. पण विमा जिल्ह्याच्या गावातून चालवता येतो, हे साताऱ्याने दाखवलं होतं.

धोका कुठे आहे तेही सांगतो. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेला पूर आला, तेव्हा सांगलीची बाजारपेठ एकाच वेळी पाण्यात होती. सगळे विमाधारक एकाच खोऱ्यातले असतील तर छोटी कंपनी आठवड्यात बुडेल. म्हणून १५० टक्के सॉल्व्हन्सीच्या, म्हणजे दावे भागवता यावेत म्हणून कंपनीकडे पुरेसा निधी असण्याच्या, अटीत तसूभरही सूट देऊ नका. मोठ्या जोखमीचा पुनर्विमा, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा काढलेला विमा, सरकारी जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनकडे सक्तीचा करा. आणि विमाधारकांच्या पैशातून संचालकांना किंवा त्यांच्या नातलगांना एक रुपयाही कर्ज जाता कामा नये. सहकारी बँकांत आम्ही हे भोगलंय. मोठ्याचं पाठबळ असेल तर एका शहरापुरती संस्थाही टिकते: जर्मनीत १६७६ साली स्थापन झालेली हॅम्बुर्गची अग्निविमा संस्था आज एका मोठ्या विमा समूहाच्या पाठबळावर आपल्याच शहरात काम करते.

२०२२ मध्ये आपल्याच मंत्रालयाने किमान भांडवलाची अट शिथिल करण्याचा मसुदा चर्चेला ठेवला होता. तो पुन्हा हाती घ्या. ठरावीक जिल्ह्यांपुरत्या कंपन्यांसाठी भांडवल किती असावं, हे विमा नियामकाला जोखीम पाहून ठरवू द्या. पहिला परवाना द्राक्षपट्ट्यात द्या. शेड दाखवायला आम्ही तयार आहोत.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार