बाबा, आम्ही इकडे बंबच घेतोय

ती. आई-बाबांस सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले अमेरिकेत जाऊन लाकडं जाळणार का रे, आणि मागून आईचं सुरू की धुराने डोळे जातील सुनेचे, आणि नेटवर्क असं की अर्धं ऐकू येत नव्हतं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवतो.

तर घर साडेतीन हजार स्क्वेअर फुटांचं, जुनं, शेतावरचं. व्हरमाँटची थंडी म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या कोहऱ्यासारखी नाही की सिगडीभोवती बसलं, गजक खाल्ली आणि झालं. जानेवारीत रात्री उणे 25 पण होतं. आत्ता तेलावर चालणारा बॉयलर आहे, तो पैसे पितो अक्षरशः.

लाकडावरच्या बॉयलरचा एक प्रकार मिळतो तो अंगणात ठेवायचा, छोट्या खोलीएवढा, माणूस म्हणाला काहीही लाकूड टाका चालेल. पण घर गरम झालं की तो हवा बंद करतो, मग आग विझत पण नाही आणि पेटत पण नाही, नुसती धुमसते, सगळा धूर शेजाऱ्यांकडे. तो बाद केला. आम्ही घेतोय तो गॅसिफिकेशनवाला, तळघरात बसणारा. वरच्या खणात लाकूड, त्यातून निघणारा धूरच पंख्याने खालच्या खणात ढकलतात आणि तिथे तो परत जळतो, 1,000 डिग्रीच्या आसपास. धुराड्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही, आईला सांगा. पण त्याला भडकूनच जळायला लागतं, मंद केला की बिघडतो, म्हणून जोडीला मोठी टाकी, 500 गॅलनची, म्हणजे 1,900 लिटर. संध्याकाळी एकदा दणकून पेटवायचा, टाकी 80-85 पर्यंत तापवायची, मग पाईपांतून रात्रभर घरात फिरत राहतं ते पाणी. आणि लाईट गेली तर? (ग्वाल्हेरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार, मी पण विचारला.) पंप बंद पडतो, म्हणून वरच्या मजल्यावर एक पाईपचा फेरा ठेवतात, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि उष्णता तिथे निघून जाते, बॉयलर उकळत नाही.

खरी गंमत लाकडाची. इथे 4 बाय 4 बाय 8 फुटाच्या ढिगाला कॉर्ड म्हणतात, आम्हाला वर्षाला आठेक तरी लागतील. ओलाव्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली हवं, नाहीतर बरीचशी आग पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात डांबर चिकटतं. एकजण दोन कॉर्ड टाकून गेला, वर्षभर वाळलंय म्हणाला. मी दोन ओंडके उचलले आणि बाबा आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी न्हाणीबाहेर बंब पेटवायच्या आधी करायचे तसे एकमेकांवर आपटले. टणटण नाही, थप्प! मग मीटर आणला, एक ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला लावला, 34 टक्के. पैसे देऊन झाले होते, आता तो फोन उचलत नाही, जाऊ दे. ते सगळं शेडमध्ये रचून ठेवलंय, पुढच्या वर्षी जाळू. सून म्हणाली मीटरचे पैसे फुकट गेले, सासऱ्यांना फोन केला असता तरी चाललं असतं.

तेलाचा जुना बॉयलर काढत नाहीये, कारण डिसेंबरात आम्ही तिकडे येणार आणि रोज लाकूड टाकायला इथे कोणी नाही.

आणि आई, भंगारवाला तांब्याला चांगला भाव देतोय म्हणालीस ना, बंब देऊ नकोस त्याला. माळ्यावरून तुम्ही दोघांनी उतरवायचा पण नाहीये, मी आल्यावर बघतो. तोटी गळत होती बहुतेक, नाही का?

तुमचा,
बंड्या