शाळा उघडते ऐन पेरणीत, तयारी मे महिन्यातच उरका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लेकराला शाळेची सवय कशी लावावी, याचे लेख दरवर्षी जूनच्या तोंडावर छापून येतात. पहिला आठवडा आईवडिलांनी सुटी काढावी, रोज थोडा वेळ वर्गाबाहेर थांबावं, असा सल्ला त्यात असतो. विदर्भातल्या खेड्यात हे जमायचं कसं? उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, जून सरता सरता उघडतात. तेव्हाच कपाशी-सोयाबीनची पेरणी निघते. घरातली सगळी माणसं वावरात आणि लेकराला पोचवायला उरते ती आजी. म्हणून अंगणवाडी असो की तालुक्याचं कॉन्व्हेंट, सवयी मे महिन्यात लागल्या तरच लागतात.

आधी वयाचं. शेजारचं पोरगं व्हॅनमध्ये बसलं म्हणून सव्वादोन वर्षांचं लेकरू नर्सरीत घालायची घाई करू नका. नर्सरी, केजी वन, केजी टू झालं तरी त्याची 6 वर्षं भरत नाहीत आणि पहिलीचा प्रवेश अडतो. मग तीच केजी टू पुन्हा, फीही पुन्हा.

आता खरी अडचण. पहिल्याच महिन्यात लेकरू शाळेला का कंटाळलं, याचं कारण पुष्कळदा त्याच्या चड्डीत सापडतं. कॉन्व्हेंटच्या गणवेशाला हूक, चेन आणि वरून पट्टा. साडेतीन वर्षांच्या बोटांना यातलं एकही झटकन सुटत नाही. सुटेपर्यंत कपडे ओले होतात, पोरं हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून लेकरू शाळेत पाणीच पीत नाही. पुढे लघवीला जळजळ आणि शी कडक होणं आलंच. गावच्या टेलरकडून कमरेला इलास्टिक घालून घ्या, पट्टा घरीच ठेवा. शाळांनीही केजीच्या पोरांना पट्ट्याची सक्ती करू नये. त्यानं शिस्त लागत नाही, फक्त उशीर होतो. घरी रोज उठल्यावर, जेवल्यावर आणि निजताना लेकरानं स्वतः चड्डी खाली करून बसावं, स्वतः वर ओढावी. धुवायला पाण्याचा मग अर्धाच भरा, पूर्ण भरलेला एका हातानं तोलत नाही. अंगणात बसायची सवय असलेलं लेकरू संडासाचं दार लागलं की घाबरतं. आठवडाभर दार सताड उघडं ठेवा, मग अर्धं लोटा. घरी शी-सूला जो शब्द असेल, तो बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

डब्याचंही तसंच. घट्ट क्लिपचा स्टीलचा डबा उघडायला मोठ्यांनाच जोर लावावा लागतो. घेण्याआधी लेकराच्या हातात द्या. लागोपाठ पाच वेळा उघडला तरच घ्या. पाण्याची बाटली 300-400 मिलीची पुरे, लिटरची भरली की किलोभर ओझं होतं. पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी करा, दोन तुकडे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे डब्यात नकोतच. 5 वर्षांखालच्या लेकराच्या श्वासनळीत ते अडकू शकतात. कूट करून लाडू द्या. अंगणवाडीत गरम खिचडी-उसळ मिळते, पण पंगतीत आपल्या हातानं जेवता आलं पाहिजे. आजीचं भरवणं मे महिन्यातच थांबवा. अर्धं ताटाबाहेर सांडेल, सांडू द्या.

तीन-चार वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा कूलरपुढे रात्री 11 वाजेस्तोवर जागरण चालतं, लग्नसराईत तर विचारूच नका. निजायची वेळ दर तीन दिवसांनी पाव तास अलीकडे आणा. 11 वरून 9 वर यायला 24 दिवस लागतात, म्हणजे निदान 1 जूनला तरी सुरुवात हवी. दुपारची झोप 4 च्या पुढे लांबू देऊ नका.

लेकराला सोडून येताना नजर चुकवून पळू नका. एकदा फसलं की ते घरीही पदर सोडत नाही. ‘11 वाजता येतो’ हे त्याला कळत नाही. ‘खिचडी खाल्ली की आजी येते’ हे कळतं, आणि आजीनं तेव्हा यायलाच हवं. पेरणीत जो पोचवणार-आणणार, त्यानंच मे महिन्यात लेकराला काकूकडे आधी अर्धा तास, मग एक तास ठेवून सराव करावा. ‘थांब, शाळेत घातलं की बाई सरळ करतील’ ही धमकी घरातून हद्दपार करा. अशी पोरं दारातच बाईंना पाहून किंचाळतात.

पेन्सिलची घाई तर सगळीकडेच. लेकराला गोल साधारण तिसऱ्या वर्षी काढता येतो, अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचारच्या पुढे आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. ‘अ’मध्ये तर वळण, गाठ, उभी रेघ सगळंच येतं. बोटांत बळ नसताना ते गिरवून घेतलं की पेन्सिल मुठीत धरायची खोड लागते आणि ती पुढे सुटता सुटत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तेव्हा खेळणी आसपासच्याच वस्तूंतून उभी केली. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा असतात, चिंचोके असतात. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कणकेचे गोळे वळणं, खडूनं ओट्यावर रेघा ओढणं, एवढ्यानं बोटं तयार होतात. जवळ बसून करवा, चिंचोका नाकात जायला वेळ लागत नाही. आणि पेरणीसाठी आणलेलं रंगीत बियाणं लेकराच्या हाती मोजायलाही देऊ नका. तो रंग विषारी औषध चोळलेल्या बियाण्याची खूण आहे. रिकामी पाकिटंही खेळायला नकोत.

शेवटी तब्येतीचं. पाठीमागून हळू हाक मारल्यावर लेकरू वळत नसेल, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या तपासणी पथकाला कान दाखवा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागात सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, लेकरू असेल तर लाजून लपवू नका. त्याला वर्गात केव्हाही पाणी पिऊ द्यावं, पावसात भिजू देऊ नये, उन्हात उभं करू नये, आणि हातपाय किंवा पोट दुखतं म्हणालं तर बहाणा न समजता लगेच घरी कळवावं, हे बाईंना आणि व्हॅनवाल्यालाही सांगा.

— काही अंगणवाडी सेविका व बालवाडी शिक्षिका, जि. यवतमाळ