सॉफ्टचं स्पेलिंग

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय विन्या,

धोटा भेटला.

एवढं वाचून तू उठून बसला असशील, म्हणून आधी तेच लिहिलं. बाकी तुझं सगळं म्हणणं कबूल. वर्ष उलटलं, पत्र नाही. दिवाळीत तुझे तीन फोन आले ते उचलले नाहीत, मग करू करू म्हणता गड्ड्याची जत्राही उठली. चुकलंच माझं. पण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे, घरचे मजेत. झालं.

तर गुरुवारी मधल्या सुट्टीत पोरं खिचडीच्या रांगेत होती आणि वर्गाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. शर्टावर, भुवयांवर कापसाची लव. सरळ कारखान्यातून आलेला. हातात टॉवेलचं पाकीट. "सर, ओळखलं का?" मी म्हटलं, नाही. त्यानं नाव सांगितलं, तरी मला लागेना. मग तो गप्प झाला आणि उभ्या जागी या पायावरून त्या पायावर झुलायला लागला. विन्या, एकतीस वर्षांचा बाप्या, दाढीचे खुंट वाढलेले, आणि झुलणं तेच. सराव पाठाच्या वेळी तिसऱ्या बाकाजवळ होतं तेच, ज्यावरून आपण त्याला मागावरचा धोटा म्हणायचो.

त्याची मुलगी माझ्याच वर्गात आहे, दुसरीत. दीड वर्ष माझ्यासमोर बसते आहे आणि मला पत्ता नाही. आडनावावरून कळायला हवं होतं, पण आमच्या तेलुगू विणकरांच्या पूर्व भागात त्या आडनावाची अर्धी शाळा आहे.

तो तक्रार घेऊन आला होता. त्याच्याच शब्दांत सांगतो. "सर, पोरगी वाचालीय, ते खरंय. परवा डबा घेऊन कारखान्यात आली आणि पाकिटावरचं सॉफ्ट वाचली, कॉटन वाचली. मालक बघतच राहिला. पण मालकानं सॉफ्टचं स्पेलिंग विचारलं तर येईना की तिला. स् ऑ फ् ट् म्हणाली. एस ओ एफ टी म्हणायला पाहिजे का नको? सगळे हसले." मग खाली बघत म्हणाला, "मला येत नव्हतं तेव्हा तुम्ही मला बाहेर उभं केलं होतं. तसं हिलाही करा. खेळ बास झाले."

तसं हिलाही करा. चार रात्री झाल्या, हे डोक्यातून जात नाही. रागानं म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो मनापासून मागत होता, दुकानात जाऊन चांगला माल मागावा तसा.

तुला ते वर्ष आठवत असेलच. २००० सालच्या जूनमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं आणि आपण दोघं डी.एड.चे छात्राध्यापक, स्वतः पाचवीत जाऊन ए बी सी डी गिरवलेले. पहिलीतल्या पोरांना इंग्रजी कसं शिकवायचं हे आपल्याला तरी कुणी शिकवलं होतं? मी टाचणात लिहिलं होतं: विद्यार्थी पाच शब्दांची स्पेलिंग पाठ म्हणतील. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. त्यावरून तू मेसमध्ये माझ्याशी भांडलास. ताटातली आमटी थंड होईपर्यंत. (काकांची आमटी थंड आणि गरम सारखीच लागायची, पण भांडण खरं होतं.) तू म्हणत होतास, सी, ए आणि टी जोडून 'सीएटी' होतं, त्यातून पोराला कॅट कसं सापडणार? आपल्या 'क'चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत तसं नाही. डब्ल्यू म्हणताना कुठे व ऐकू येतो? एच म्हणताना ह कुठे आहे? मी म्हटलं, आपण असेच शिकलो, आपलं काय बिघडलं. आणि त्या रागात आठवडाभर तुझी सायकल वापरली पण तुझ्याशी बोललो नाही.

पेनचा प्रसंग त्याच आठवड्यातला. मी पेन वर धरलं, धोटा म्हणाला "पेन्नु". वर्ग हसला. मी म्हटलं, पेऽन म्हण. परत "पेन्नु". तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला व्हरांड्यात उभं केलं.

आता मला कळलेलं सांगतो, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते मला कळत नाही. चूक त्याची अर्धीच होती. तेलुगूत शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, म्हणून बस्सु, कारू, पेन्नु. तो शेवटचा 'उ' तेवढा काढायचा होता. पण त्याचा 'पे' बघ. तेलुगूत ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा, कन्नडातही तसंच. मराठीत आपला ए एकच, म्हणून आपण पेऽन म्हणतो आणि पेन आणि पेन म्हणजे दुखणं यांत फरक करत नाही. त्या सहा वर्षांच्या पोराचा ए इंग्रजीच्या जवळ होता. माझा नव्हता. मी बरोबर उच्चार करणाऱ्या पोराला चुकीचा उच्चार शिकवत होतो आणि तो शिकत नाही म्हणून शिक्षा केली.

आता माझ्या वर्गात काय चालतं ते बघ, तुझाच विजय आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात फोनिक्सचं ऐकलं, म्हणजे अक्षराच्या नावाऐवजी आवाजावरून वाचायला शिकवायचं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. आणि ए बी सी डीच्या ओळीनं जायचंच नाही. आधी एस, ए, टी, आय, पी, एन या सहांचे आवाज, कारण त्या सहांतूनच सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप, ॲंट असे ढीगभर शब्द निघतात. पोरगं दुसऱ्या आठवड्यात वाचायला लागतं. मी घरी येऊन वहीत शब्द काढत बसलो, बायको म्हणाली झोपा आता.

पण आपल्या पोरांची अडचण त्या पुस्तकी प्रशिक्षणात नव्हती. आपल्या व्यंजनात 'अ' मुरलेला असतो. ब, ॲ, ट म्हटलं की बअॅटअ होतं, बॅट होत नाही. महिनाभर घसा फोडला. मग एके दिवशी फळ्यावर ब् लिहिताना मीच म्हणालो, "याचा पाय मोडलाय." मागून एक पोर म्हणालं, "मग लंगडी घालू द्या त्याला."

विन्या, तिथून सगळं सुरू झालं. अंगणात खडूनं तीन चौकोन. व्यंजनाचा पाय मोडका, तिथे एका पायावर. स्वर धडधाकट, तिथे दोन्ही पायांवर. बॅट म्हणजे लंगडी, दोन पाय, लंगडी. आणि शब्द व्यंजनानं संपला तर शेवटी एका पायावर तसंच थांबायचं, मी तीन मोजेपर्यंत. पाय टेकला की 'उ' आला. पोरं एकमेकांवर डोळा ठेवून असतात: "सर, हिचा पाय टेकला, बस्सु झालं, बस्सु!" जो 'उ' मला वर्षानुवर्षं निघत नव्हता तो पंधरा दिवसांत निघाला. स्टॉपसारखा शब्द आला की सुरुवातीलाच दोनदा लंगडी घालावी लागते. उर्दू बोलणारी दोन पोरं आहेत, ती आधी दोन्ही पाय टेकायची आणि 'इस्टॉप' म्हणायची. ती आता सगळ्यांत पक्की झाली आहेत.

तळ्यात-मळ्यात तुला फार आवडेल. शिप म्हटलं की तळ्यात, शीप म्हटलं की मळ्यात. जहाज तळ्यात, मेंढी मळ्यात! हे मला सुचलं तेव्हा मी एकटाच वर्गात टाळी वाजवली. नंतर नुसते आवाज घेतो: सिट तळ्यात, सीट मळ्यात. यात तेलुगू घरची पोरं पुढे असतात आणि मराठी घरची चुकतात. ज्यांना आपण कच्ची म्हणायचो त्यांचे कान तयार आहेत. शिवाय "शिवाजी म्हणतो, टच युवर ल् ए ग्". सुटे आवाज जोडून पायाला हात लावायचा. मामाचं पत्र मात्र फसलं. पाठीमागे अक्षराचं कार्ड टाकायचं, उचलून आवाज सांगायचा आणि पळायचं, असं ठरवलं होतं. पोरं पळायच्या नादात आवाज सांगेनात, दोघांची डोकी आपटली. बंद केलं.

शेजारी कारखाना आहे. दिवसभर मागांची खटखट. त्यात फ आणि स यांचे आवाज ऐकूच येत नाहीत, नुसती हवा. म्हणून दुपारी लाईट गेली आणि माग थांबले की मी हातातलं सगळं टाकून ऐकायचे खेळ घेतो. गळ्याला बोटं लावून स् म्हणायचा, मग झ्झ् म्हणायचा. दुसऱ्याला घशात माशी गुणगुणते. तळहातावर कापसाची लव ठेवून प् म्हणायचं, लव उडते. ही लव पोरांच्या दप्तरातच मिळते. वर्गात तेव्हा इतकी शांतता असते की पंख्याचं पातं थांबताना ऐकू येतं.

गंमत सांगायची राहिली. इंग्लंडात २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या पोरांची फोनिक्सची तपासणी घेतात. चाळीस शब्द, त्यांतले वीस खोटे, ज्यांना काही अर्थच नाही. पाठ केलेलं नाही, खरंच वाचतंय, हे त्यानं कळतं. मी खोटे शब्द म्हणजे भुतांची नावं असं सांगितलं. पॅब, टॉब, मिप. एक पोर गंभीर चेहऱ्यानं म्हणालं, "सर, टॉब आमच्या वरच्या मजल्यावर राहतो." दोन दिवस ते जिना चढायला तयार नव्हतं.

आणि तरी धोट्याचं एक म्हणणं बरोबर आहे. पोरीला अक्षरांची नावं मी अजून शिकवलीच नव्हती. म्हटलं घाई काय. पण बाहेरचं जग स्पेलिंगच विचारतं, मालक विचारतो, शेजारी विचारतो, आणि हसू पोरीचं होतं. शुक्रवारपासून सुरू केलं. पोरांना सांगितलं, तुम्हाला दोन नावं असतात ना, एक हजेरीतलं आणि एक घरी हाक मारायचं? अक्षरालाही तसंच. हजेरीतलं नाव एस, हाक मारायचं नाव स्. वाचताना हाक मारायची, कुणी स्पेलिंग विचारलं की हजेरी घ्यायची. लगेच जमलं. धोट्याची पोरगी शुक्रवारी घरी जाताना दारात थांबून म्हणाली, "एस ओ एफ टी, सॉफ्ट." मी विचारलं, म्हणजे काय गं? तिला माहीत नव्हतं. एवढं वाचलं, पण अर्थ नाही. ही माझी मोठी खंत आहे, विन्या. घरी एक शब्द इंग्रजी नसलेल्या पोराला आवाज जोडून शब्द वाचता येतो, पण तो शब्द ओळखीचा नसतो. आता प्रत्येक शब्द हातात दिल्याशिवाय वाचायला देत नाही. बाप गुरुवारी विसरून गेलेलं पाकीट कपाटात होतं, त्यातला टॉवेल काढून तिच्या गालाला लावला. "मेत्तगा," ती म्हणाली. मग मराठीत, "मऊ." बापानं असे हजारो टॉवेल घडी घालून पाकिटात भरले असतील आणि वरचं ते अक्षर त्याला कुणी वाचून दाखवलं नाही. मी तरी कुठे दाखवलं.

तेव्हा पोरीचं होईल. माझं काय करू ते सांग. शनिवारी पालक सभा आहे, तो बायकोला घेऊन येणार आहे. जूनमध्ये पोरीला इंग्लिश मीडियमला घालायचं म्हणतो, त्यासाठी रात्रपाळी करणार. मी त्याला खेळ समजावून सांगेन, अंगणात लंगडी घालून दाखवेन. पण पेनचं कसं सांगू? "तुझं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं," हे पंचवीस वर्षांनी त्याला त्याच्या बायकोसमोर सांगितलं तर त्याला बरं वाटेल की शरम वाटेल? तो मला चांगला मास्तर समजतो. मी त्याला बाहेर काढलं म्हणून नाही, तर काढलं तेच योग्य होतं असं समजतो. ते त्याच्या हातातून काढून घेतलं तर त्याच्याकडे काय उरतं?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे वहिनींकडून कळलं, चालू लागल्या का? चिन्मयीची दहावी याच वर्षी ना? तिला म्हणावं गणिताला घाबरू नको, बापावर जाऊ नको. नवीन घराचे फोटो बघितले, गॅलरी छान आहे. हुतात्मा एक्स्प्रेसनं कुणी येणारं असेल तर शेंगा चटणी आणि कडक भाकरी देतो, नाहीतर तूच ये.

आणि एक. त्या दिवशी तू तुझं निरीक्षण सोडून व्हरांड्यात जाऊन त्याच्याशेजारी खाली बसलास. पाच मिनिटांनी तो हसत आत आला. मी तुझ्यावर चिडलो होतो, माझ्या पाठात लुडबूड केलीस म्हणून, आणि तू त्याला काय म्हणालास ते आजवर विचारलं नाही. आठवत असेल तर शनिवारच्या आत कळव. फोन केलास तरी चालेल. मी उचलेन, आणि मध्ये बोलणार नाही.

तुझा,
सुऱ्या