वाटा पाच, टॉवर एक

गोरेगाव, मुंबई
आषाढ वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. रागावून लिहिलं आहेस आणि तुझा राग रास्त आहे. गुडघ्यांमुळे काकूंची वारी सुटली, तेव्हापासून आषाढीला त्या पहाटे दोनच्या आधी उठून, आंघोळ करून टीव्हीसमोर बसतात, हे मला माहीत आहे. ऐन महापूजेत चित्र गोठलं आणि काकू हात जोडून त्या गोठलेल्या चित्रासमोरच बसून राहिल्या, हे वाचून मला फार वाईट वाटलं. पण त्याखाली तू लिहिलंस, ‘तुम्हा लोकांना आमची पडलेलीच नसते.’ त्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. ती वाहिनी माझी नव्हती, तरी थेट प्रसारणाचा धंदा माझाच आहे.

गाभाऱ्यातलं चित्र तुमच्या मिरजेच्या घरात कसं पोचतं ते आधी सांगतो. कॅमेरा सहसा दगा देत नाही. एक बंद पडला तर शेजारी दुसरा उभा असतो. घोटाळा होतो तो पुढच्या प्रवासात. ऐपत असलेल्या वाहिन्या डिशची गाडी नेतात. त्या डिशमधून चित्र सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे जातं आणि तिथून स्टुडिओत उतरतं. बाकीच्यांची भिस्त हल्ली बॅकपॅकवर असते. कॅमेरामनच्या पाठीवरच्या त्या पिशवीत वेगवेगळ्या कंपन्यांची चार-सहा सिम असतात. पिशवीतलं यंत्र चित्राचे तुकडे करतं, ते निरनिराळ्या सिमवरून धाडतं आणि स्टुडिओतलं दुसरं यंत्र ते पुन्हा सांधतं. एरवी हे इतकं छान चालतं की त्यामुळे गावोगावच्या बातम्या थेट दिसू लागल्या. पण एकादशीच्या रात्री पंढरपुरात लाखो माणसं असतात आणि बहुतेकांच्या खिशात फोन असतो. कुणी घरी व्हिडिओ कॉल लावतो, कुणी चुकलेल्या सोबत्याला शोधतो. अशा वेळी सगळी सिम एकदमच गुदमरतात. शिवाय दोन-तीन कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच टॉवरवर असतात. त्या टॉवरची वीज एक आणि त्याच्याकडे जाणारी फायबर केबलही बऱ्याचदा एकच. कागदावर वाटा पाच, प्रत्यक्षात टॉवर एक.

तू लिहिलंस की आधी चित्रात चौकोन पडले, मग ते थबकलं आणि आवाज थोडा वेळ तुटत तुटत येत राहिला. हे याच दुखण्याचं लक्षण आहे.

डिशची गाडी असती तर निभावलं असतं का? बहुधा. पण आषाढ म्हणजे पाऊस. या गाड्या बहुतेक केयू बँड नावाच्या रेडिओ लहरींवर चालतात. त्या लहरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरच्या असतात आणि मुसळधार सरींत त्यांची ताकद विरते. तुमच्या गच्चीवरच्या छत्रीचं पावसात जे होतं, तेच. सी बँडच्या लांब लहरी पावसाला फारशी दाद देत नाहीत, पण त्यांना मोठी डिश लागते आणि ती मंदिराजवळच्या गल्लीत उभी करायला जागा नसते. म्हणून आमच्यातले जाणते लोक म्हणतात की डिश हवी, बॅकपॅक हवी आणि मंदिरापासून जमिनीखालून स्वतंत्र फायबरही हवी. तिघांचे शत्रू वेगळे. पाऊस फायबरला काही करत नाही, गर्दी डिशला काही करत नाही, आणि रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने आपली फायबर तोडली तरी, टॉवरची केबल वेगळ्या वाटेने गेली असेल तर, बॅकपॅकला काही होत नाही.

आमच्या कामातलं मला सर्वांत महत्त्वाचं काय वाटत असेल, तर ते हेच. दुसरी वाट पहिलीपेक्षा मुळातून वेगळी असली पाहिजे. ती नुसती दुसरी असून भागत नाही.

हे सगळ्या जगाला दिसलं ते २५ जून २००८ रोजी. युरो फुटबॉलचा उपांत्य सामना, जर्मनी विरुद्ध तुर्की. सामना स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात चालला होता आणि तिथल्या मैदानावर सगळं ठीक होतं. पण स्पर्धेची सगळी चित्रं आधी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या प्रसारण केंद्रात जायची आणि तिथून देशोदेशी वाटली जायची. त्या संध्याकाळी वादळ आलं ते व्हिएन्नावर, बाझलपासून साडेसहाशेहून अधिक किलोमीटर दूर. केंद्राच्या विजेने मान टाकली आणि दुसऱ्या अर्धात चित्र एकदा नव्हे, अनेकदा गेलं. ७९व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजाने केलेला गोल जर्मनीतल्या घराघरांत दिसलाच नाही. झेडडीएफ या जर्मन वाहिनीचा समालोचक पडद्यावर काहीही नसताना रेडिओवर सांगावं तसा खेळ सांगत राहिला. मग झेडडीएफने स्विस दूरचित्रवाणीचं चित्र मागून घेतलं, कारण स्विस लोकांनी स्टेडियममधून स्वतःची थेट लाइन ठेवली होती आणि ती व्हिएन्नाला जातच नव्हती. ८६व्या मिनिटाला तुर्कीने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी लामने गोल करून जर्मनीला ३-२ असं जिंकून दिलं.

वितरणाचं केंद्र एक ठेवण्यात गैर काही नाही, सगळे तसंच करतात. मला त्या स्विस अभियंत्यांचं कौतुक वाटतं. आपल्याच देशातलं मैदान, मग चित्र परदेशात पाठवून परत का आणायचं, असं म्हणून कुणीतरी ती लाइन ओढायचा आग्रह धरला असणार. एरवी त्या माणसाला खर्चाबद्दल बोलणी बसली असती.

आपल्याकडेही याहून मोठा प्रसंग येऊन गेला आहे. दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ रोजी इन्सॅट-१ए या उपग्रहावरून सुरू झाला आणि ६ सप्टेंबरला तो उपग्रह सोडून द्यावा लागला. त्याला दिशा धरून ठेवायला लागणारं इंधनच संपलं होतं. दिल्लीच्या आशियाई स्पर्धा १९ नोव्हेंबरला सुरू व्हायच्या होत्या. रंगीत प्रसारणाची घोषणा झालेली, लोकांनी रंगीत संच घेतलेले. तेव्हाच्या अभियंत्यांनी परदेशी उपग्रहावर जागा भाड्याने घेऊन ते प्रसारण देशभर पोचवलं. इन्सॅट-१बी आकाशात गेला तो पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी. आपल्या घरात त्या स्पर्धांचं बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीची आठवण निघते, पण त्या अडीच महिन्यांतल्या धावपळीचं कुणी बोलत नाही. शाळेत मुलांना सांगावी अशी ती गोष्ट आहे.

आणखी एक सांगतो, पण हे लिहिताना हात जड होतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा शहरातल्या बहुतेक वाहिन्यांचे ट्रान्समीटर उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या माथ्यावर होते. मनोरा पडला आणि अँटेनावर टीव्ही पाहणाऱ्या असंख्य घरांत एकामागून एक वाहिन्या गेल्या. सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या स्थानिक केंद्राने मात्र एम्पायर स्टेट इमारतीवर आपला राखीव ट्रान्समीटर जपून ठेवला होता, म्हणून ते दिसत राहिलं. वरच्या मजल्यांवर कामावर असलेले सहा प्रसारण अभियंते त्या दिवशी मरण पावले. निवेदकांचे चेहरे लोकांना आठवतात. या सहाजणांची नावं आमच्या धंद्यातल्या लोकांनी तरी विसरू नयेत, असं मला वाटतं.

आता ‘पडलेली नसते’ या तुझ्या वाक्याकडे येतो. ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे थेट प्रसारणाच्या गाडीत, चित्र गेलं की काय होतं, हे तू एकदा येऊन बघ. टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपसात बोलायच्या लाइनवर, पॅनेल प्रोड्यूसर ओरडतो, ‘राखीव फीडवर जा!’ निवेदिकेच्या कानातल्या इअरपीसमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘बोलत राहा, चित्र नाही.’ पुढचं वाक्य तिला कागदाशिवाय रचायचं असतं. जनरेटरवाला पावसात केबल तपासत असतो. त्या मिनिटभरात कुणाला स्वतःची भूक, तहान, झोप आठवत नाही. त्यांना पडलेली असते, मित्रा. ज्यांना पडलेली नसते ते त्या गाडीत नसतातच. ते सहा महिने आधी बजेटच्या बैठकीत असतात. फायबरची एका रात्रीसाठीची रक्कम बघून ते म्हणतात, गेल्या वर्षी बॅकपॅकवर निभावलं की. राखीव वाटेचं असंच होतं. ती उपयोगी पडली नाही की वायफळ वाटते आणि नसली की मगच तिची किंमत कळते. माझा राग त्या बैठकीवर आहे आणि तुझाही तिकडेच वळावा असं मला वाटतं.

पैसा ओतला की झालं, असंही नाही. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्सला अमेरिकी फुटबॉलचा सुपर बोल हा अंतिम सामना रंगात आला असताना स्टेडियमचे अर्धे दिवे गेले. खेळ ३४ मिनिटं थांबला. सीबीएसच्या मुख्य समालोचकांचा आवाज बंद झाला आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वार्ताहराला वेळ निभावून न्यावी लागली. वीज कंपनीने नंतर सांगितलं की दोष एका रिलेचा, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणाऱ्या उपकरणाचा, होता. केबल बिघडली तर स्टेडियम अंधारात जाऊ नये म्हणून मुद्दाम बसवलेला रिले! तसंच १९ जुलै २०२४ चं. संगणकांचं रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरचे संगणक बंद पाडले आणि ब्रिटनमधल्या स्काय न्यूजला त्या सकाळी थेट प्रसारणच करता आलं नाही. रक्षणासाठी ठेवलेली गोष्टच घात करू शकते. म्हणून राखीव व्यवस्था नुसती विकत घेऊन चालत नाही, ती मधूनमधून खरोखर चालवून बघावी लागते. वानखेडेवर १२ मे २०२२ रोजी मुंबई-चेन्नई सामन्याच्या सुरुवातीला विजेचा घोळ झाला आणि डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयावर दाद मागायची सोय, बंद होतं, हे तुला आठवत असेल. चेन्नईचा कॉनवे पायचीत झाला आणि त्याला दाद मागताच आली नाही.

तुझ्या कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी मात्र मला एकच प्रसंग नीट सांगायचा आहे. लंडनमध्ये एका प्रसारण केंद्रातून चॅनल फोरसह अनेक वाहिन्या चालवल्या जात. २५ सप्टेंबर २०२१ रोजी तिथली आग विझवणारी गॅसची यंत्रणा सुरू झाली. सर्व्हरच्या खोल्यांत पाणी मारता येत नाही, म्हणून तिथे प्रचंड दाबाने गॅस सोडतात. त्या गॅसच्या आवाजाच्या धक्क्यानेच हार्ड डिस्क निकामी झाल्या. वाहिनी थोड्या वेळात कशीबशी पुन्हा दिसू लागली. बहुतेक प्रेक्षकांच्या लेखी प्रकरण तिथे संपलं. पण सबटायटल्स बनवणारी व्यवस्था कोसळली होती आणि तिची राखीव व्यवस्थाही कामाला आली नाही. अनेक आठवडे कर्णबधिर प्रेक्षकांना नुसते ओठ हलताना दिसत राहिले. अंध प्रेक्षकांसाठीचं ध्वनिवर्णन आणि सांकेतिक भाषेतले कार्यक्रमही गेले. सगळं पूर्वपदावर यायला नोव्हेंबर उजाडला. लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला, ऑफकॉम या नियामक संस्थेने चौकशी केली आणि परवान्याची अट मोडल्याचा ठपका चॅनल फोरवर ठेवला.

हे वाचलं तेव्हा मला तुझ्या वर्गातली मुलं आठवली. पडद्यावर चित्र असताना कुणी बिघाडाची पाटी लावत नाही. कंट्रोल रूममधल्या माझ्यासारख्याला समोरच्या वीस मॉनिटरवर सगळं हिरवं दिसतं, आणि त्या मुलांसाठी मात्र प्रसारण केव्हाच बंद पडलेलं असतं. आपल्याकडे तर बहुतेक मराठी बातम्यांना सबटायटल्स नसतातच. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये श्रवणबाधित प्रेक्षकांसाठी मानकं काढली, पण पुराच्या, वादळाच्या रात्री चाललेल्या थेट बातम्यांत त्यातलं काय दिसतं ते तूच पाहतोस. तुमच्या भागात २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी चढत असताना, कुठला रस्ता बंद आणि कुठे होड्या येणार हे निवेदक तोंडाने सांगत होते. तुझ्या मुलांनी ते कसं समजून घेतलं? शेजाऱ्यांनी सांगितलं, की मोबाइलवर वाचलं, की कळलंच नाही?

हे मला नक्की हवं आहे. थेट प्रसारण अडलं असं आम्ही कधी म्हणायचं, याची यादी आमच्याकडे होते आहे. त्यात चित्र गेलं, आवाज गेला, ओठ आणि आवाज मागेपुढे झाले, असं सगळं आहे. पडद्यावर वाचायला मजकूर नव्हता हे त्यात नाही आणि ते घालावं म्हणून मी भांडणार आहे. मोठ्या मुलांना त्यांच्या शब्दांत लिहायला सांग. मराठी शुद्ध नसलं तरी चालेल, लिहितील तसंच पाठव. धाकटी जे खुणांनी सांगतील ते तू लिहून घे. गणपतीच्या आधी पोचलं तर बरं, कारण विसर्जनाच्या प्रसारणाची बैठक त्या सुमारास बसते आणि पुढच्या आषाढीची फायबरही मी तिथेच मागणार आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तुमच्या छत्रीवर दिवसा काही मिनिटं चित्र गेलं तर मेकॅनिकला बोलावू नकोस. विषुवदिनाच्या आसपास सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. मार्चमध्येही होतं, चार-आठ दिवसांत आपोआप थांबतं.

काकूंना माझा नमस्कार सांग. वहिनींनाही.

तुझा,
मित्र