मामी वाटाला चेटकीण ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या पाण्याच्या देवतांवरचा लेख वाचला आणि खरंच वाईट वाटलं, कारण मामी वाटा या जलदेवीला त्यात सरळ काळ्या जादूच्या खात्यात टाकलंय. नायजेरिया, बेनिन, टोगो, घाना इकडे लोक तिला मनापासून पुजतात, तिच्याकडे मूलबाळ मागतात, पैसा मागतात, आरसा, कंगवा, अत्तर, पावडर असं सगळं तिच्यापुढे मांडतात, आणि हो, तिला घाबरतातही. आपल्याकडे विहिरीवर, डोहाजवळ साती आसरांना शेंदूर लावून ओटी भरतात तेव्हा आपण त्याला जादूटोणा म्हणतो का?

आणि लेखात जी गोष्ट मराठी वाचकाला सगळ्यात आधी सांगायला हवी होती तीच नाही. गळ्याभोवती साप घेतलेली लांब केसांची बाई, हे मामी वाटाचं जे फेमस रूप आहे ते मुळात जर्मनीत हॅम्बुर्गला १८८०च्या दशकात छापलेलं एका गारुडी बाईचं पोस्टर. ते पश्चिम आफ्रिकेत पोचलं, लोकांना त्यात आपली देवी दिसली आणि १९०१ पर्यंत नायजेरियात बोनी या गावी त्यावरून लाकडात कोरलेला, डोक्यावर घालायचा मुखवटा तयार झालेला होता. पुढे घानातल्या कुमासीहून ऑर्डर आली आणि १९५५ मध्ये तेच चित्र आपल्या मुंबईत श्री राम कॅलेंडर कंपनीने परत छापलं, १२,००० प्रती! म्हणजे तिकडच्या कितीतरी देव्हाऱ्यांत मुंबईत छापलेली देवी गेली.

शिवाय भारतीय व्यापाऱ्यांबरोबर आपल्या देवांची कॅलेंडरंही तिकडे गेली. टोगो-बेनिनकडे डेन्सू म्हणून तीन डोक्यांचा पाण्याचा देव आहे, त्याचं चित्र म्हणून चक्क आपल्या दत्ताचा फोटो वापरतात, गाय आणि कुत्र्यांसकट. जोसेफ कोसिव्ही अहिआतोर नावाच्या चित्रकाराने तर तिथल्या देवळांच्या भिंतींवर असे भारतीय देव रंगवलेत. याला कोणी नक्कल म्हणेल पण मला ते पटत नाही, देव त्यांचा आहे, कथा त्यांची आहे, चेहरा फक्त जिथे सापडला तिथून घेतलाय, आणि हे करायला कलाकाराची नजर लागते.

अटलांटिकपलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनीही आपल्या जलदेवता सोडल्या नाहीत. हैतीत टिकल्या-मण्यांनी भरलेल्या झेंड्यांवर लासिरेन ही जलपरी असते, ब्राझीलमध्ये साल्वादोरला २ फेब्रुवारीला येमांजा या समुद्रदेवीसाठी फुलं, अत्तरं होड्यांतून समुद्रात सोडतात. लेखात यावर मोजून एक ओळ आहे, तीही फोटोखाली.

माझी विनंती एवढीच की यावर परत एक नीट लेख छापा, आणि मुंबईतल्या जुन्या छापखानेवाल्या घरांमध्ये आफ्रिकेला पाठवलेल्या कॅलेंडरांचे नमुने, ऑर्डरची पत्रं, छपाईचे ब्लॉक असं काही उरलं असेल तर ते रद्दीत जायच्या आत एखाद्या म्युझियमला दाखवा असं आवाहन पेपरातूनच करा.

आपली,
एक नियमित वाचक, गिरगाव